टायटस कॅन्यनची रॉक लेडी

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत वसंतात झुंबड उडते ती सपाटीवरच्या पिवळ्या बहरासाठी. आम्ही एप्रिलअखेर पोहोचलो तोवर तो करपून गेला होता. आमची त्याला हरकत नव्हती. आम्हाला पाहायची होती रॉक लेडी (होल्मग्रेनँथी पेट्रोफिला) ही फुलणारी वनस्पती, जी साऱ्या जगात फक्त इथल्या ग्रेपव्हाइन डोंगरांतल्या मोजक्या घळींत, चुनखडीच्या उभ्या कड्यांना धरून असते.

त्यांतल्याच टायटस कॅन्यन या घळीतला एकेरी कच्चा रस्ता ऑगस्ट २०२३च्या पुरात खूप उखडला. तो चालू आहे का, हे डेथ व्हॅली नॅशनल पार्कच्या संकेतस्थळावर बघून घ्या. पण फुलासाठी त्या रस्त्याची गरजच नाही. पश्चिमेकडून घळीच्या तोंडापर्यंत गाडी जाते, तिथून पुढे पायी. शेवटचे सुमारे चार किलोमीटर खडीचे आहेत, सावकाश चालवा.

आत शिरल्यावर फूल शोधत बसू नका, दगड शोधा. भिंती जवळ येतात तिथला राखाडी चुनखडीचा कातळ, त्यातही दिवसाचा बराच वेळ सावलीत राहणारी बाजू. नजर डोक्याच्या वर ठेवा. फटीतून लोंबणारा हिरवा झुबका दिसला की दुर्बीण लावा. पानं गोलसर, कडेला काटेरी दाते. फूल नसलं तरी एवढ्यावरून ओळख पटते. फुलं फिकट पिवळी. आपल्या नर्सरीत हिवाळ्यात डॉग फ्लॉवर मिळतं ना, त्याच्याच गोतावळ्यातली ही. माती म्हणाल तर फटीत साचलेली धूळ, तेवढ्यावर ही बाई कशी तगते कोण जाणे!

झुबक्यापर्यंत चढायचा मोह आवरा. चुनखडी ठिसूळ असते, पाय घसरला तर झाडही जाईल आणि तुम्हीही. कॅलिफोर्नियात हे झाड ‘दुर्मीळ’ म्हणून कायद्याने संरक्षित आहे, एक पानही तोडायचं नाही. फोटो टाकताना लोकेशन काढून टाका, ही माझी आग्रहाची विनंती.

माणशी चार लिटर पाणी, घोट्यापर्यंतचे बूट, आणि पहाटे सुरुवात. मोबाइलला रेंज नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या. दूरच्या डोंगरावर ढग दाटले तरी घळीत शिरू नका, लोंढा यायला इथे पाऊस पडावा लागत नाही. वेळ उरला तर शेजारची फॉल कॅन्यन करा. सुमारे पाच किलोमीटरवर कोरडा धबधबा आडवा येतो, बहुतेक जण तिथूनच परततात.