निन्जावरून व्हल्कनवर: पहिल्या ३,००० किलोमीटरची वही

मंडळी, चार वर्षं कावासाकीची निन्जा ६५० ही स्पोर्ट बाईक दामटल्यावर आता त्यांचीच व्हल्कन एस ही क्रूझर (लांब, बुटकी, पाय पुढे ठेवून चालवायची बाईक) घेतली आहे. गाडी वापरलेली आहे. खालचे किलोमीटर ती माझ्या हातात आल्यापासूनचे, मीटरवरचे नव्हेत.

आधीच सांगून टाकते: कट्टर मंडळी निन्जा ६५० ला ‘खरी’ स्पोर्ट मानत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यावर वाद नको. मी तुलनेला बसले ते वेगळ्याच कारणासाठी. या दोन्ही गाड्यांचं इंजिन मुळात एकच आहे: ६४९ सीसी, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, ८३ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ६० मिमी स्ट्रोक (पिस्टनची धाव). २००६ च्या निन्जा ६५०आरपासून चालत आलेलं हेच इंजिन २०१५ मॉडेलपासून व्हल्कन एसमध्ये बसवलं. त्यामुळे मला जे काही जड गेलं त्याचं खापर इंजिनावर फोडता येत नाही.

फरक सांगाड्यात आहे. निन्जाच्या दोन चाकांमधलं अंतर १,४१० मिमी, हिचं १,५७५. निन्जाचा रेक (हँडल ज्या आसावर फिरतं त्याचा उभ्या रेषेशी कोन) २४ अंश, हिचा ३१, म्हणजे पुढचा फोर्क बराच आडवा. ट्रेल (त्या आसाची रेघ जमिनीला लागते तिथपासून पुढचा टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) १०० वरून १२० मिमी. सीट ७९० वरून ७०५ मिमीवर आली, आणि वजन पस्तीस-चाळीस किलोंनी वाढलं. हे सगळं घेण्याआधी वाचलं होतं. वाचून काही कळलं नव्हतं.

०–२० किमी

पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि दोन्ही पाय सवयीने मागे गेले. तिथे काहीच नव्हतं. गाडी पुढे निघाली आहे, हँडल हातात आहे आणि पाय हवेत चाचपडताहेत, असे पहिले काही मीटर गेले. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई पहिल्यांदाच बाईकवर बसली आहे. फूटपेग (पाय ठेवायच्या दांड्या) पुढे आहेत हे डोक्याला माहीत होतं, पायांना कोणी कळवलं नव्हतं. प्रत्येक सिग्नलला हाच खेळ. तिसऱ्या दिवशी तो आपोआप थांबला.

गियरचंही तसंच. निन्जावर घोटा हलवला की गियर पडायचा. इथे पाय पुढे सरळ, त्यामुळे सुरुवातीला मी गुडघ्यापासून अख्खा पाय उचलत होते आणि दोनदा दुसऱ्याऐवजी न्यूट्रलमध्ये अडकले.

१४० किमी

आता ब्रेक. सगळ्यात जास्त लिहिण्यासारखं हेच.

निन्जावर माझा उजवा पाय जवळजवळ बेकार होता. दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, बस. मागचा ब्रेक लावला की चाक हलकं होऊन एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) खडखडायचं, म्हणून मी त्याचा नादच सोडला होता. तीच सवय घेऊन व्हल्कनवर आले आणि एका लाल सिग्नलला गाडी माझ्या अंदाजापेक्षा चांगलीच पुढे जाऊन थांबली. कोणाला धक्का लागला नाही, पण पांढरी रेघ मागच्या चाकाखाली होती.

घरी येऊन आकडे पाहिले. निन्जाला पुढे ३०० मिमीच्या दोन डिस्क, हिला तेवढ्याच मापाची एकच. मागे मात्र निन्जाची २२० आणि हिची २५० मिमी. बनवणाऱ्यांनी सरळ सांगितलंय की बाई, पाय वापर. ब्रेक मारल्यावर किती भार पुढच्या चाकावर जातो हे गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. उंची कमी आणि अंतर जास्त असलं की मागचं चाक जमीन धरून राहतं, म्हणून त्याच्याकडून बरंच काम करून घेता येतं. मोठा वाटा अजूनही पुढच्याचाच, हे विसरू नका; नुसत्या मागच्या ब्रेकवर क्रूझर थांबवणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

मोकळ्या पटांगणात दोन रविवार घालवले. ताशी ४० वरून थांबायचं, मग ५० वरून, मग ६० वरून. पाय आधी हलका, लगेच हात, मग दोन्ही वाढवत न्यायचे. पंचविसाव्या-तिसाव्या वेळेला कुठे उजवा पाय न सांगता पॅडलवर गेला.

४१० किमी

इंजिन तेच असलं तरी स्वभाव तोच नाही. कागदावर टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) जवळपास सारखाच: निन्जा ६५.७ न्यूटन-मीटर ६,५०० आरपीएमला (मिनिटाला फेरे), ही ६३, ६,६०० ला. ताकद ६८ वरून ६१ पीएस (अश्वशक्ती). पण हिचं फ्लायव्हील (इंजिनाबरोबर फिरणारं वजनी चाक) जड आहे आणि ट्यूनिंग खालच्या आरपीएमसाठी केलंय. तिसऱ्या गियरमध्ये हळू चालवत असले तरी न कुरकुरता ओढते. वर मात्र निन्जासारखी किंचाळत नाही, आणि त्या किंचाळण्याची आठवण येते, खोटं कशाला बोलू.

गियर खाली टाकताना रेस मारायची माझी सवय इथे फसली. निन्जावर मनगटाचा एक झटका पुरे. इथे आरपीएम आरामात चढतं, त्यामुळे थ्रॉटल अर्धा क्षण जास्त धरावा लागतो. नाही धरला तर क्लच सोडताच मागचं चाक चिर्रकन ओरडतं.

७८० किमी

वारा. निन्जावर छाती टाकीवर टेकवली की काच वारा डोक्यावरून न्यायची. इथे मी सरळ बसलेली, पाय पुढे, हात रुंद. थोडक्यात शीड. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ला जो असतो त्याच्या दीडपटीहून जास्त १०० ला. शंभरच्या पुढे मी हँडलला लोंबकळत होते, आणि हँडलला लोंबकळलं की गाडी सरळ जात नाही, प्रत्येक झुळूक थेट स्टीअरिंगमध्ये उतरते. गुडघ्यांनी टाकी आवळायची सोयही इथे तशी नाही. उपाय दोन: कमरेतून बसायचं, कोपरं सैल ठेवायची. आणि वेग कमी करायचा. दुसरा उपाय मला पटायला वेळ लागला.

मनगटांचा ठणका गेला, ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला. त्याच्या जागी माकडहाड आलं. निन्जावर खड्डा दिसला की मी पेगवर उभी राहायचे. पाय पुढे असले की उभं राहता येत नाही, सगळा दणका कण्यात. त्यात मागच्या सस्पेन्शनला जेमतेम ८० मिमी खेळायला जागा, निन्जाला १३० होती. आता खड्डे लांबूनच हेरते.

या गाडीत फूटपेग तीन जागी बसवता येतात, मधल्या जागेपासून साधारण २५ मिमी पुढे किंवा मागे. मी मागे घेतले. इंचभराने काय होणार असं वाटलं होतं, पण कंबर मोकळी झाली.

१,२६० किमी

वळणात पहिल्यांदा खर्रर्र झालं.

डावं वळण, वेग फार नव्हता. निन्जावर त्या वळणाला मी जेवढी झुकायचे त्याच्या आधीच पेगखालचा बोल्ट रस्त्याला लागला. बुटाच्या तळव्यातून थेट दातांपर्यंत कंप आला. घाबरून थ्रॉटल झटकन बंद केला, आणि ती चूक होती. थ्रॉटल बंद केला की फोर्क दबतो, जमीन आणखी जवळ येते, घासणं वाढतं. सुदैवाने समोरून कोणी नव्हतं.

त्यानंतर पद्धत बदलली. वळणाआधीच वेग उतरवायचा, थ्रॉटल किंचित उघडा आणि स्थिर, आणि खांदे वळणाच्या आत. कमरेपासून लटकायची गरज नाही. डोकं आणि खांदे आत नेले की त्याच वेगाला गाडी कमी झुकवावी लागते. वळवायला आतल्या बाजूचं हँडल पुढे ढकलायचं, हे निन्जासारखंच. फक्त ती ढकलताक्षणी पडायची, ही विचार करून पडते. एकदा रेषेवर बसली की मात्र हलत नाही. हे मला आवडायला लागलंय.

३,०४० किमी

अगदी हळू वेगातलं वळण निन्जापेक्षा सोपं झालंय. लांब गाडीला मोठा घेर लागेल असं वाटलं होतं, पण रुंद हँडल आणि जमिनीला पुरणारे पाय यांनी भरपाई केली. क्लच अर्धा, मागचा ब्रेक किंचित दाबलेला, नजर जिथे जायचंय तिथे.

काल धुताना पेगखालचे बोल्ट पाहिले. डावा तिरका घासून चकचकीत झालाय. उजव्यावर जेमतेम ओरखडा, रंगसुद्धा शिल्लक. म्हणजे उजव्या वळणाला मी अजून आखडते. निन्जावर हे कधी कळलंच नव्हतं, कारण तिथे काही घासायचंच नाही. पुढचे रविवार पटांगणात, फक्त उजवीकडे.