वेळासला एक रात्र जास्त राहा

वेळासला जाणाऱ्यांचा बेत साधारण ठरलेला असतो. शनिवारी दुपारी पोचायचं, संध्याकाळी आणि रविवारी सकाळी कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची आणि जेवून निघायचं. माझं ऐकाल तर एक रात्र वाढवा. एक तर पिल्लं कधी बाहेर येतील ते कुणाच्याच हातात नसतं, आणि दुसरं म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं हे टोकाचं गाव घाईत बघण्यासारखं नाही.

आम्ही मार्चमध्ये गेलो होतो. पहाटेच उठून वाडीतून चालत पुळणीवर पोचलो. किनाऱ्यावरची अंडी आणून पुरतात त्या जाळीचं कुंपण घातलेल्या जागेत वाळूवर टोपल्या पालथ्या घातलेल्या, प्रत्येक घरट्याशी अंडी पुरल्याची तारीख. कासवमित्राने, म्हणजे ही घरटी राखणाऱ्या माणसाने, एकेक टोपली उचलून पाहिली आणि मान हलवली. "आज काहीच नाही. संध्याकाळी या परत." काही मंडळी हिरमुसून गाड्यांकडे वळली. आम्हाला घाई नव्हती.

संध्याकाळी तिसरी टोपली उचलली आणि खाली वाळू हलताना दिसली. आधी एक काळपट डोकं, मग वल्ह्यासारखा एक पाय, मग एकमेकांना ढकलत सगळीच वर. तळहातावर सहज मावतील एवढी ही ऑलिव्ह रिडले जातीची पिल्लं. त्यांना उचलून थेट पाण्यात सोडत नाहीत, थोडं अलीकडे वाळूवर ठेवतात. तेवढं अंतर त्यांनी स्वतः चालायचं. माणसं दोराच्या मागे, फ्लॅश बंद, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. एक पिल्लू लाटेने दोनदा मागे फेकलं, उताणं झालं, धडपडून सुलटं झालं आणि पुन्हा निघालं. दोरामागे उभ्या असलेल्या सगळ्यांचा श्वास त्या एका पिल्लावर अडकला होता. तिसऱ्या लाटेने त्याला नेलं.

मादी रात्री येऊन वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास किंवा जास्त अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, हे मला तिथेच कळलं. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्री उकरत आणि माणसंही काढून नेत. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने इथे संवर्धन सुरू केलं आणि हळूहळू गावाने ते आपलं मानलं. २०२२ मध्ये इथल्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवून तिला सोडलं. तिचं नाव 'प्रथमा'.

कासवं गावच राखतं, म्हणून राहायचं ते गावातल्या घरातच. हॉटेलचा थाट इथे शोधू नका. आम्ही उतरलो त्या घरी ओटीवर गाद्या घातल्या होत्या, मागे पोफळीची वाडी. रात्री पंगतीला कुळथाचं पिठलं, भात, पोह्याचा पापड आणि सोलकढी. काकूंना आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर उकडीचे मोदकही होतात, आणि ते नक्की सांगून ठेवा. पाहुण्यांच्या पैशावर चार घरं चालतात, तेव्हा कासवं राखणं गावालाही परवडतं.

मधल्या रिकाम्या वेळात गावातच फिरा. हे नाना फडणवीसांचं, म्हणजे त्यांच्या भानू घराण्याचं मूळ गाव. त्यांचा पुतळा इथे आहे. महालक्ष्मी आणि रामेश्वराची देवळं मात्र जास्त आवडली, भर दुपारीही आत गारवा असतो.

एक संध्याकाळ बाणकोटच्या किल्ल्यासाठी ठेवा. कान्होजी आंग्र्यांनी त्याचं नाव हिम्मतगड ठेवलं होतं. १७५६ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया केलं. किल्ला आटोपशीर आहे, जांभ्याची तटबंदी अजून चांगली उभी आहे, बाहेरच्या बाजूला कोरलेला खंदकही दिसतो. बुरुजावर उभं राहिलं की खाली सावित्री समुद्राला मिळते आणि पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर. महाबळेश्वरला उगम पावणारी हीच ती नदी. खाडीत येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला ही जागा का निवडली, ते वर गेल्यावर कुणी समजावून सांगावं लागत नाही.

केळशीही याच पट्ट्यात आहे, लांब रिकामा किनारा आणि याकूब बाबांचा दर्गा. आमचं ते राहिलं.

परतताना मंडणगडचा घाट टाळून वेसवीहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, गाडीसकट खाडीपलीकडे बागमांडल्याला उतरलो आणि हरिहरेश्वर गाठलं. तिथली समुद्रालगतची प्रदक्षिणा चुकवू नका. खारं पाणी आणि वारा यांनी कड्याच्या दगडाला अशी भोकं पाडली आहेत की बोट फिरवत राहावंसं वाटतं. पण ही वाट फक्त ओहोटीला चालण्यासारखी. भरतीला लाटा थेट खडकावर येतात आणि तिथे माणसं वाहून गेली आहेत. निघायच्या आदल्या रात्री भरती-ओहोटीची वेळ वेळासच्या घरीच विचारून घ्या, त्यावरून सकाळी कोणती फेरी पकडायची ते ठरवता येतं.