तुम्ही विचारलंत म्हणून: ते शब्दकोशाचं पुस्तक

इथे न्यू जर्सीत मला एकच प्रश्न सगळीकडे विचारतात: गणपतीत, हळदीकुंकवाला, एकदा तर चक्क किराणा घेताना रांगेत. "तू लायब्ररीत असतेस ना? मग सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या हातात 'द लव्हर्स डिक्शनरी' का देतेस?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते उघडलेलंही नसतं. उरलेल्यांनी नेमकं एकच पान पाहिलेलं असतं. मी आजवर हसून सांगत आले, "छोटं आहे हो, मुलं पटकन वाचतात." ते खोटं नाही, पण पळपुटं आहे.

डेव्हिड लेव्हिथनची ही कादंबरी २०११ सालची. एरवी तो बहुतेक किशोरांसाठी लिहितो. मोठ्यांसाठी लिहिलेली त्याची ही पहिलीच. सगळी इंग्रजी शब्दकोशाच्या क्रमाने. वर शब्द, आणि खाली अर्थाच्या जागी दोघांच्या संसारातला एक तुकडा, कधी ओळभर, कधी दोन-तीन पानं. दोघांना नावं नाहीत. 'मी' बाई की पुरुष हे कळत नाही, 'तू'चंही तेच. पिणं आहे, फसवणूक आहे, पण ती कधी घडली हे क्रमाने सांगितलेलं नाही. (मराठीत आणायची म्हटली तर पंचाईतच. 'म्हणालास' की 'म्हणालीस' हे पहिल्याच संवादात ठरवावं लागेल. शिवाय पहिला शब्द 'ॲबरंट'. त्याला 'विपरीत' म्हटलं की तो गेला थेट 'व'त, आणि गोष्ट भलत्याच ठिकाणी सुरू होणार.)

वादाला तोंड द्यायचं तर माझ्याकडे कागदही आहे. अमेरिकेत दरवर्षी मोठ्यांसाठी लिहिलेल्या, पण बारा ते अठरा वयाच्या वाचकांना भावतील अशा दहा पुस्तकांना ॲलेक्स पुरस्कार देतात. २०१२ च्या दहांत हे होतं. पुरस्काराला नाव मिळालंय ते बाल्टिमोरच्या मार्गारेट अलेक्झांडर एडवर्ड्सबाईंवरून, जवळचे त्यांना ॲलेक्स म्हणत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घोडागाडीत पुस्तकं भरून वस्त्यांमधून फिरणाऱ्या ग्रंथपाल त्या. त्यांचा आधार घेतला की समोरचे काका जरा गप्प बसतात. पण खरं कारण तेही नव्हे.

मला वाटायचं, मुलांना हे आवडतं ते तुकड्यांमुळे. फोनवर वाढलेली पिढी, कुठूनही उघडा, कुठेही मिटा. सहकाऱ्यांसमोर मी हे फार ऐटीत मांडायचे. मग एक मुलगी आली. आपल्यातलीच, न्यू जर्सीतच वाढलेली, मला मावशी म्हणणारी. पुस्तक अर्धं वाचून काउंटरशी आली आणि विचारलं, "मावशी, शेवटी ते एकत्र राहतात का?" मी म्हटलं, "झेडपर्यंत वाच की." ती म्हणाली, "पण झेड म्हणजे शेवट नाही ना. झेड फक्त झेड आहे."

मी इतकी वर्षं हे पुस्तक लोकांना देत होते आणि ही गोष्ट मला सुचली नव्हती. कुठूनही उघडता येतं म्हणून ती वाचत नव्हती. पुस्तकातल्या त्या 'मी'ला काय आधी घडलं ते लावता येत नाहीये, म्हणून वाचत होती. तुटत आलेलं काही आठवताना आपणही तारखेने कुठे आठवतो? तिच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते मला थोडं ठाऊक होतं. थोडंच.

त्याच आठवड्यात मंडळाचा गणपती. जेवणाच्या रांगेत तिची आई माझ्या पुढे. "हल्ली दार लावून बसते गं. वाचते म्हणते. काय वाचते देव जाणे." आणि मी सांगितलं. पुस्तकाचं नाव, वर "फार हुशार आहे हो तुझी लेक, काय छान बोलली त्यावर," हेही. वाचकाने काय नेलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. तो मी नव्या मुलांना स्वतः शिकवते. पण मला शाबासकी हवी होती. आईने ताट डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताने फोनवर नाव शोधलं. वाचता वाचता तिचा चेहरा कसा बदलत गेला ते मी पाहिलं. वरणभात वाढणाऱ्या पोराने दोनदा विचारलं, "काकू, वाढू का?"

मंगळवारी सकाळी पुस्तक बाहेरच्या बुक ड्रॉपमध्ये, म्हणजे परतीच्या पेटीत, होतं. ही मुलगी नेहमी काउंटरवर येऊन हातात द्यायची. आत मंडळाच्या वर्गणीची पावती घडी करून खुणेला ठेवलेली राहिली होती. कोणत्या शब्दापाशी, ते सांगणार नाही. तेवढं तरी शिकले.

ती पुन्हा आली नाही.

आता तुम्ही म्हणाल, सोळा वर्षांची पोर, आईला हक्क नाही का? आहे. मलाही मुलगा आहे. तो काय वाचतो हे कुणी सांगितलं तर मी कान टवकारून ऐकेन. मग तिची आई चुकली का? मला तसं म्हणवत नाही. पुस्तक चुकीचं होतं का? नाही, हे मात्र मी कुणाशीही भांडून सांगेन. मग परत येताना गाडीत स्वतःलाच विचारते, की इतकं बरोबर होतं तर मी ते त्या मुलीला एकटीला का दिलं, सोबत दोन वाक्यं का बोलले नाही. आणि दोन वाक्यं बोलले असते तर तिने ते नेलं असतं का.

पुस्तक अजून मोठ्यांच्या कपाटातून काढून मी किशोरांच्या टेबलावर मांडते. कुणी नेलं तर नेलं. आणि गणपतीत कुणी रांगेत मागे वळून "आमची काय वाचते गं हल्ली?" असं विचारलंच, तर मी घाईघाईने तोंडात मोदक कोंबते.