तुम्ही विचारलंत म्हणून: सबसिडी मिळते, मग घर स्वस्त का होत नाही?

"ताई, सरकार पहिल्या घराला एवढी सबसिडी द्यायलंय, मग भाव खाली यायच्या ऐवजी वरच का चाललेत?" मी छत्रपती संभाजीनगरला होम लोनच्या फायली करते, त्यामुळं हा प्रश्न मला वाळूजच्या कंपनीतली पोरं विचारतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी विचारतात, लग्नकार्यात भेटलेले पाहुणे पण विचारतात. तिथं उभ्या उभ्या नीट सांगणं होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. हो, सबसिडीतला काही हिस्सा भावात जातो. पण सगळीकडं सारखा जात नाही. जिथं सबसिडी बसेल अशी घरं मोजकी आणि ती घेणारे भरपूर, तिथं तो विकणाऱ्याच्या खिशात जातो, आणि आपल्या मराठवाड्यातल्या शहरांत नेमकी हीच अडचण आहे.

उन्हाळ्यात आपल्याकडं टँकरचं काय होतं ते बघा ना. गल्लीत दोनच टँकर येणार असतील आणि प्रत्येक घराला टँकरसाठी शंभर शंभर रुपये वाटले तर पाणी काही जास्त येत नाही, टँकरवाला शंभर रुपये वाढवून मागतो. तेच पैसे तिसरा टँकर आणायला लावले तर गोष्ट वेगळी. घराचं गणित याहून फार लांब नाही.

आता योजनेचं बघू. पंतप्रधान आवास योजना शहरी जून २०१५ मध्ये आली. तिच्यातली व्याजाची सबसिडी अशी होती की वर्षाचं उत्पन्न ६ लाखांच्या आत असेल तर ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर साडेसहा टक्के व्याज सरकार भरणार, आणि ते वीस वर्षांचं व्याज आजच्या किमतीत मोजून एकदम लोन खात्यात जमा करणार, जास्तीत जास्त २ लाख ६७ हजार. अट अशी की कुटुंबात कुणाच्याच नावावर देशात कुठंही पक्कं घर नको, आणि घर बाईच्या नावावर किंवा तिच्या जोडनावावर पाहिजे. ही अट मला फार आवडायची, कारण तिच्यामुळं कितीतरी बायांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा खरेदीखतावर लागलं, त्या सही करताना मी समोर होते. त्यामुळं मी सबसिडीच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये.

पण २ लाख ६७ हजार म्हणजे मुंबईतल्या नव्वद लाखांच्या फ्लॅटला काहीच नाही, आणि आपल्याकडच्या वीस-चोवीस लाखांच्या वन बीएचकेला दहा टक्क्यांच्या वर. त्यामुळं इथल्या विकणाऱ्यांचं लक्ष त्या आकड्यावर बरोबर असायचं. एका साइट ऑफिसमधलं कोटेशन मला अजून आठवतं. वर फ्लॅटची किंमत बारीक अक्षरात २४ लाख, खाली वजा २.६७ लाख, आणि त्याच्या खाली जाड लाल अक्षरात "आपल्यासाठी फक्त २१.३३ लाख". पार्किंग वेगळं, लाइट मीटरचे वेगळे, रजिस्ट्रीचा खर्च वेगळा. माझ्यासोबत आलेल्या जोडप्याला पगाराच्या स्लिपवरून सबसिडी बसेल का नाही हेच अजून ठरलेलं नव्हतं, पण कागदावर ती वजा होऊन पण गेली होती. मी म्हणलं सबसिडी सोडा, रोखीत भाव काय? तर सेल्समन म्हणाला, मॅडम, सबसिडी धरूनच रेट काढलाय. यापेक्षा स्पष्ट मी तरी काय सांगणार.

आता मूळ मुद्दा, जो टीव्हीवर कुणी बोलत नाही. ही व्याजाची सबसिडी कुणाला? जो बँकेचं लोन घेतो त्याला. लोन कशावर? टायटल क्लिअर, एनए म्हणजे शेतीची बिगरशेती झालेली जागा, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी. आणि आपल्या शहरात सर्वसामान्य माणूस राहतो कुठं? गुंठेवारीत. शेतकऱ्यानं एकर-दोन एकर शेताचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून बाँड पेपरवर विकलेले प्लॉट, अशा शंभरावर वसाहती एकट्या संभाजीनगरात आहेत. त्यांना नियमित करायचा कायदा २००१ चा, मग २०२१ ला सुधारणा करून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, पण शुल्क भरायचं, आर्किटेक्टकडून नकाशा काढायचा, फाइल महापालिकेत फिरवायची, रोजंदारीवरच्या माणसाला हे जमतं का? नाही जमत. मग बँक त्या घराला हात लावत नाही आणि सबसिडी पण तिथं पोचत नाही.

म्हणजे झालं काय, की लाखभर लोकांच्या हातात सरकारनं मदतीचं कूपन दिलं आणि ते चालणारं दुकान शहराच्या एका कोपऱ्यात ठेवलं. सगळे त्याच कागदपत्रं ओके असलेल्या थोड्याशा फ्लॅट-रो हाऊसवर तुटून पडले. मग शहराच्या कडेला सातारा-देवळाईकडं असो नाहीतर पिसादेवी-हर्सूलकडं, तिथल्या एनए जमिनीला सोन्याचा भाव आला. बिल्डरला पण सगळा मलिदा मिळतो असं नाही बरका. तो जमीन घ्यायला जातो तेव्हा जमीनवाल्याला पण माहीत असतं की इथं सबसिडीवालं गिऱ्हाईक येणार, तो आधीच गुंठ्याचा भाव वाढवून बसलेला असतो. शेवटी पैसा जमिनीत मुरतो.

हे फक्त आपल्याकडंच नाही. इंग्लंडमध्ये २०१३ ते २०२३ हेल्प टू बाय नावाची योजना होती, नवीन घराच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत सरकार कर्ज द्यायचं, लंडनमध्ये तर २०१६ पासून चाळीस टक्के. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी तपासलं तर लंडन भागात, जिथं बांधायला जागाच नाही, तिथं नवीन घरांचे भाव वाढले आणि बांधकाम काही वाढलं नाही, आणि वेल्सच्या सीमेवर, जिथं मोकळी जमीन आणि परवानगी सोपी, तिथं भाव जागेवर राहिले आणि घरं जास्त बांधली गेली. योजना एकच, मुख्य फरक जमिनीचा. आता तुम्ही म्हणाल आपल्याकडं तर मोकळी जमीनच जमीन आहे, जालना रोडनं थोडं बाहेर पडा, नुसतं रान. खरंय, पण नळ नसलेली, ड्रेनेज नसलेली, एनए नसलेली जमीन घराच्या हिशोबात धरता येत नाही. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि संभाजीनगरकर इतकी वर्षं जायकवाडी उशाला असून आठवड्यात एकदा येणाऱ्या नळाची वाट बघत बसलेत. ज्या कॉलनीत नळाला पाणी तिथला भाव वेगळाच असतो हे प्रत्येकाला माहितीय.

भाववाढीचं सगळं खापर मात्र सबसिडीवर फोडू नका. समृद्धी महामार्ग झाला, शेंद्रा-बिडकीनला कंपन्या यायलेत, सिमेंट-लोखंड महागलं, या सगळ्याचा वाटा आहे आणि तो काही भागांत सबसिडीपेक्षा मोठा असेल. पण मुदत जवळ आली की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय. २०२० ला राज्य सरकारनं स्टॅम्प ड्युटी पाचवरून दोन टक्के केली, ३१ डिसेंबरपर्यंत, तेव्हा डिसेंबरात रजिस्ट्री ऑफिसला पाय ठेवायला जागा नव्हती, आणि घाईतला माणूस भाव करत नाही. मार्च २०२२ ला व्याजाची सबसिडी बंद व्हायच्या आधी पण तेच. मुदत संपली, सबसिडी गेली, वाढलेला रेट मात्र माझ्याकडं आलेल्या एकाही कोटेशनमध्ये खाली आलेला दिसला नाही. त्यानंतर जवळपास अडीच वर्षं जे घर घ्यायला आले त्यांना वाढीव भाव पण भरावा लागला आणि सबसिडी पण नाही. मला सगळ्यात जास्त वाईट त्यांचं वाटतं.

खेड्यात घरकुलाचं थोडं वेगळं आहे. जागा स्वतःची, बांधणारा स्वतः, त्यामुळं जमिनीत पैसा मुरत नाही. पण २०१६ पासून मैदानी भागात मूळ रक्कम १ लाख २० हजार, आणि एका गावात एकदम चाळीस-पन्नास घरकुलं मंजूर झाली की वाळू गायब, हायवा डंपरवाला म्हणेल तो भाव, गवंडी म्हणतो पुढच्या महिन्यात बघू, गुत्तेदार जोत्यापर्यंत काम करून दुसऱ्या घरी पळतो. सरकारनं घरकुलाला पाच ब्रास वाळू फुकट द्यायचं ठरवलं ते मला म्हणूनच योग्य वाटतं. पैशापेक्षा वस्तू हातात दिली की मधला भाव वाढवायची सोय राहत नाही, फक्त ती वाळू घाटावरून वेळेवर मिळाली पाहिजे, पावसाळ्यात उपसा बंद झाल्यावर नाही.

आता सप्टेंबर २०२४ पासून आवास योजना शहरी २.० चालू आहे. घर ३५ लाखांपर्यंतचं, लोन २५ लाखांपर्यंतचं, त्यातल्या पहिल्या ८ लाखांवर चार टक्के, असे मिळून १ लाख ८० हजारांपर्यंत, आणि ते पाच वर्षांत पाच हप्त्यांत. उत्पन्नाची मर्यादा ९ लाख. हे हप्त्यात देणं मला बरं वाटतं, कारण एकरकमी आकडा कोटेशनमध्ये वजा करून दाखवणं जरा अवघड जातं. तरी जमिनीची अडचण आहे तिथंच आहे. माझं मत विचाराल तर यातला काही पैसा महापालिकांना द्यावा, गुंठेवारीच्या फायली फुकट आणि कॅम्प लावून निकाली काढायला, ड्रेनेज टाकायला. एक वसाहत नियमित झाली की हजारभर घरं लोनच्या बाजारात येतात, आणि भाव खाली खेचायला याच्याइतका जोर दुसऱ्या कशात नाही.

तोवर तुम्ही काय करायचं? साइटवर गेलात की सबसिडीचा विषय काढू नका, आधी सगळा खर्च धरून एकच आकडा लिहून घ्या आणि त्याच एरियातल्या दोन-तीन वर्षं जुन्या रिसेल फ्लॅटचा भाव विचारा, त्यांच्यातला फरक बघा. बँक ९० टक्क्यांच्या वर लोन देत नाही, आणि सबसिडी डाउन पेमेंटच्या कामाची नसते, ती नंतर येते, तेव्हा वीस लाखांच्या घराला दोन लाख आणि वरचा रजिस्ट्रीचा खर्च स्वतःजवळ पाहिजेच. सबसिडी मिळालीच नाही तरी हप्ता झेपतो का हे पगारातून मांडून बघा. आणि इसाराचे पैसे देण्याआधी सातबारा, एनए ऑर्डर, बांधकाम परवानगी याच्या झेरॉक्स घेऊन बँकेच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे जागेच्या मालकीची तपासणी, काढून घ्या, बिल्डर कितीही म्हणाला की दादा, आज टोकन दिलं तरच हा रेट.