त्या जुन्या रिपोर्टवर सही माझीच होती

तीन आठवडे झाले तरी हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून एकदाचं लिहून काढते.

मी इंदूरला एका स्लीप लॅबमध्ये, म्हणजे झोपेची तपासणी होते तिथे, टेक्निशियन आहे. अकरा वर्षं झाली, बहुतेक सगळी रात्रपाळीच. लोकांना वाटतं पेशंट झोपतो आणि आम्ही कॅमेऱ्यात बघत बसतो, पण निम्मं काम तो झोपायच्या आधीच असतं. टेप घेऊन नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या टेकाडापर्यंत माप घ्यायचं, मग या कानापासून त्या कानापर्यंत, पेन्सिलने खुणा करायच्या, तेवढीच कातडी घासायची, पेस्ट भरून इलेक्ट्रोड दाबून बसवायचा, वर गॉजचा तुकडा. डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीवर, दोन्ही नडग्यांवर, छातीवर. मग छातीला एक बेल्ट, पोटाला एक, बोटाला ऑक्सिजनचा सेन्सर, नाकात कॅन्युला म्हणजे श्वास मोजायची बारीक नळी. मोठ्या माणसाला पाऊण तास लागतो, लहान मुलाला कधीकधी दीड.

लहान मुलांचं काम मला चांगलं जमतं. आधी आईच्या मनगटाला एक वायर लावायची, मग मुलाच्या हातात पेस्टची डबी देऊन त्यालाच माझ्या हाताला लावायला सांगायचं, आणि नाकातली नळी तो जागा असताना लावायचीच नाही. एकदा त्याने ती उपटली की रात्रभर उपटणार. झोप लागल्यावर वीस मिनिटं थांबायचं, मग हळूच.

तर त्या दिवशी संध्याकाळी सात वर्षांचा मुलगा आला, सोबत आई आणि आजी. वडील क्लॉथ मार्केटमध्ये, दुकान बंद करून येणार होते. फोनवर बजावून सांगितलं होतं की शॅम्पू करून आणा, तेल नको. पण आजींनी निघताना डोक्याला छान चोळून तेल लावलेलं. "अगं, तेल घातलं की झोप चांगली लागते त्याला." तेलकट डोक्यावर सिग्नल कधीच नीट येत नाही. चाळीस मिनिटं मी स्पिरिटने एकेक जागा पुसत होते आणि तोवर आई फाईल उघडून सांगत होती: शाळेतून रोज तक्रार, एका जागी बसत नाही, चिडतो, मारामारी करतो. अंथरूण अजून ओलं होतं. वजन वाढत नाही. काउन्सेलर झाले, एक शाळा बदलून झाली. बाबांनी एकदोनदा ओल्या गादीवरून हात उगारला, हे तिने मुलगा बाथरूममध्ये गेल्यावर हळू आवाजात सांगितलं.

आणि फाईलमध्ये जुना स्लीप स्टडीचा रिपोर्ट होता, दोन वर्षांपूर्वीचा. आमच्याच लॅबचा. तासाला ३.४ वेळा श्वास अडकतो, निष्कर्ष नॉर्मल. खाली टेक्निशियनच्या जागी माझी सही.

मला तो मुलगा आठवतसुद्धा नव्हता.

आता यातली चूक कुठे आहे ते नीट सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ती दिसणार नाही. मोठ्या माणसाचा श्वास कमीत कमी १० सेकंद अडकला तरच आम्ही तो मोजतो, आणि तासाला ५ पेक्षा कमी असेल तर नॉर्मल म्हणतो. मुलांचे नियम वेगळे आहेत. मुलाचे लागोपाठ दोन श्वास चुकले की मोजायचं, मग सेकंद कितीही असोत. झोपेत मिनिटाला वीसेक श्वास घेणाऱ्या मुलाचे दोन श्वास म्हणजे साधारण ६ सेकंद. आणि मुलात तासाला १ च्या वर गेलं की ते नॉर्मल नाहीच, १० च्या वर म्हणजे गंभीर. हे काही कालपरवा शोधलेलं नाही. गिलेमिनो या डॉक्टरांनी स्टॅनफर्डमधून आठ मुलांच्या स्लीप ॲप्नियाबद्दल, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याबद्दल, लिहिलं ते १९७६ साली, आणि मुलांचे वेगळे नियम अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या मॅन्युअलमध्ये २००७ पासून छापलेले आहेत. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही आहेत. एका कोपऱ्यात छोटी यादी उघडते, ॲडल्ट की पीडियाट्रिक. ती कायम ॲडल्टवर असायची, कारण आमचे शंभरातले पंच्याण्णव पेशंट पोट सुटलेले, घोरणारे काका असतात, आणि ट्रेनिंगला आलेल्या माणसाने आम्हाला सगळं त्यांच्यावरच शिकवलं. मुलांचं अर्धा तासात उरकलं होतं. मी विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही.

झोपेच्या अभ्यासातला एक मोठा शोधच एका लहान मुलावर लागलाय. शिकागोत असेरिन्स्की या संशोधकांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ वायरी लावल्या आणि कागदावर डोळे झोपेत भराभर फिरताना दिसले. १९५३ मध्ये क्लाइटमन यांच्यासोबत त्यांनी ते छापलं, तीच आरईएम झोप, स्वप्नांची. मूल जागं राहतं का, रडतं का, हे मूल असलेल्या घराला कळतंच, तरी मुलांच्या झोपेची मोजणी मात्र मोठ्यांच्या फुटपट्टीने, याचा मला आता राग येतो.

असो, ती रात्र. साडेदहाला झोपला. वडील येऊन परत घरी गेले, आई धाकट्याजवळ म्हणून तिलाही पाठवलं, आजी सोफ्यावर. पहिले दोन तास काहीच नाही. गाढ झोप, स्क्रीनवर मोठ्या संथ लाटा, ऑक्सिजन ९७. माझ्या पोटात उगाच थोडं हलकं वाटायला लागलं की चला, जुना रिपोर्ट बरोबरच होता. एक वाजता थोडी आरईएम आली, चारपाच वेळा अडकला, संपलं.

तीनच्या सुमाराला मी वायर बघायला आत गेले तर आजी टक्क जाग्या. म्हणाल्या, "अजून वेळ आहे. पहाटे होतं त्याला. मी पूजेला उठते ना, तेव्हा रोज ऐकते."

आणि मग, "मागच्या वेळी तुम्ही त्याच्या आधीच वायरी काढल्या होत्या."

मला तेव्हा कुठे आठवलं. त्या काळात लॅबची गाडी स्टाफला सोडायला पाचला निघायची, म्हणून आम्ही चार-सव्वाचारला पेशंट उठवायचो. आरईएम रात्रीच्या शेवटी शेवटी जास्त असते आणि मुलांचा श्वास मुख्यतः तिथेच अडकतो. म्हणजे जी वेळ बघायची तीच आम्ही गाडीसाठी कापत होतो. एखाद्या मॅनेजरने तेव्हा गाडी सहाला केली असती तर, पण मीही कधी तोंड उघडलं नाही, मलाही घरी जायचंच होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी सुरू झालं. स्क्रीनवर छातीची रेघ वर जात होती तेव्हा पोटाची खाली, दोघी एकमेकींच्या उलट. म्हणजे मूल जोर लावतंय आणि हवा आत जात नाहीये. कॅन्युलाची रेघ सपाट. एक, दोन, तीन, चार श्वास गेले. ऑक्सिजन ९१, ८८, ८४. मग एक मोठा घरघरता श्वास आणि पुन्हा तेच. कॅमेऱ्यात मान मागे टाकलेली, हनुवटी छताकडे, तोंड उघडं, उशीवर डोक्याएवढा घामाचा डाग. आणि मेंदूची रेघ तशीच चालू. तो उठत नव्हता. मोठा माणूस दचकून जागा होतो, मुलं बऱ्याचदा होत नाहीत, म्हणूनच घरचे म्हणतात घोरतोय म्हणजे छान गाढ झोपलाय. डॉक्टरसुद्धा म्हणतात, मी ऐकलंय.

आजी आतून कॅमेऱ्याकडे बघून नुसती मान हलवत होत्या, दिसतंय ना, असं.

साडेसहापर्यंत चालू ठेवलं. तासाला १४.२. फक्त आरईएम धरली तर ४१.

घरी गेले नाही. जुनी हार्ड डिस्क काढली, दोन वर्षांपूर्वीची ती फाईल उघडली, यादीत पीडियाट्रिक केलं आणि सगळी रात्र तीस-तीस सेकंदांच्या पानांनी हाताने परत मोजली. तीन तास लागले. सहा सेकंद, सात सेकंद, आठ सेकंद, सगळे तिथेच होते, कोणी मोजले नव्हते एवढंच. ३.४ चे ७.८ झाले, आणि तेही शेवटची आरईएम नसताना.

आमच्या डॉक्टरसाहेबांना दोन्ही कागद दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, घरच्यांना सांगायचं, मी सांगतो, तू बरोबर थांब. याबद्दल त्यांना मी मानते, रिपोर्टवर त्यांचीही सही होती. त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. वडील काहीच बोलले नाहीत, मुलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. आजी म्हणाल्या, "तुम्हीच नॉर्मल लिहिलं होतं ना, म्हणून मी पण गप्प बसले." रागाने नाही म्हणाल्या. रागाने म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

टॉन्सिल जवळजवळ एकमेकांना टेकलेले निघाले, मागे ॲडेनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, तीपण वाढलेली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, आणि इतकं जास्त असल्यामुळे नंतर एक रात्र दवाखान्यात ऑक्सिजन बघत ठेवणार. वडिलांनी विचारलं, मग शाळेतलं सगळं ठीक होईल ना? मी होईलच म्हटलं नाही. २०१३ मध्ये ४६४ मुलांचा मोठा अभ्यास छापून आला, वय ५ ते ९. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोप तपासणीत नॉर्मल आली, न केलेल्यांपैकी ४६. वागणं सुधारलं, पण लक्ष देण्याच्या चाचणीत दोन्ही गटांत खास फरक पडला नाही. म्हणजे झोप सुधारेल, चिडचिड कमी व्हावी, शाळेचं बघू. आणि हीच मुलं दोन वर्षं आधी सापडली तर काय फरक पडतो, हा प्रश्न माझ्यासाठी आता पुस्तकातला राहिलेला नाही.

आता लॅबमध्ये मुलांचा वेगळा टेम्पलेट केलाय, वय टाकलं की आपोआप लागतो. मुलं सहाच्या आधी उठवायची नाहीत, हे भिंतीवर लिहून लावलंय. गाडीचं भांडण करून झालं.

जुन्या डिस्कवर बारा वर्षांखालच्या एकेचाळीस फाईली निघाल्या. ड्यूटी संपल्यावर रोज एक परत मोजते. सतरा झाल्या, त्यातल्या पाच बदलल्या. तिघांना फोन लागले, डॉक्टरसाहेब बोलले, दोघं परत तपासणीला येतायत. एक नंबर दुसऱ्याच माणसाला लागतो. आणि एक मुलगी, तेव्हा चार वर्षांची, तिचा नंबर बंद आहे पण फॉर्मवर रामबागेतला पत्ता आहे. साहेब म्हणाले पत्र पाठव. पत्र टाकलंय, पण रविवारी मी स्वतःच जाऊन येणार आहे.