तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी लावून गेले होते की काढून?

लिफ्टमध्ये विचारतात, भाजीच्या गाडीपाशी विचारतात, परवा एका मुंजीच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी जिलबीवाल्याला थांबवून विचारलं. लेकीकडे मेलबर्नला चार-पाच महिने जाता ना, मग ती इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगला लावून जाता की काढून? आणि विचारताना चेहऱ्यावर ते हसू असतं, म्हणजे किस्सा ऐकलेला असतो, फक्त माझ्या तोंडून हवा असतो. तर घ्या.

पहिल्यांदा लावून गेले होते. हो. शंभर टक्के चार्ज, केबल गाडीत, पंधरा अँपियरचं बटण चालू, आणि जून ते नोव्हेंबर आम्ही तिकडे लेकीच्या बाळंतपणात. मूर्खपणा होता का? आज म्हणाल तर हो. पण तेव्हाचं माझं डोकं कसं चाललं ते ऐका, घरातला इन्व्हर्टर वर्षानुवर्षं प्लगमध्येच आहे, त्याला काही होतं का, मग गाडीच तेवढी उपाशी ठेवून जायची का. शिवाय शोरूमच्या पोराने सांगितलं होतं, "मॅडम, फुल झाली की आपोआप कट होते." तो खोटं बोलला नव्हता. कट झालीच.

बहुतेकांना वाटतं या गाडीत एकच बॅटरी असते. दोन असतात. खालची मोठी, जिच्यावर गाडी पळते, आणि बॉनेटखाली एक साधी बारा व्होल्टची, तुमच्या पेट्रोल गाडीत असते तसलीच. कुलूप, स्क्रीन, अगदी मोठीला "चल ऊठ" म्हणणारा स्विचसुद्धा त्या छोटीच्या जिवावर. मोठी छोटीला पाजते, पण गाडी चालू असताना नाहीतर चार्ज होत असताना. चार्जिंग संपून गाडी झोपली की छोटीला कोणी विचारत नाही. काही गाड्या झोपेतही अधूनमधून छोटी भरून घेतात, माझी नाही घेत.

आता नोव्हेंबर. बाबांचं वर्षश्राद्ध साताऱ्याला, दादाकडे. त्यासाठी तिकीट वर पैसे भरून आठ दिवस अलीकडे ओढलं होतं. रात्री दोनला पुण्यात घरी पोचलो, सकाळी सहाला मी आंघोळ करून पार्किंगमध्ये, काखेत बाबांचा फ्रेम केलेला फोटो. किल्लीचं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं, जवळ जाऊन दाबलं, किल्ली काचेला टेकवून दाबलं. गाडीवर पाच महिन्यांची धूळ आणि त्यात मांजराची पावलं, बॉनेटवरून चढून काचेवरून घसरलेली. चार्जरच्या डब्यावर मात्र हिरवा दिवा, ऐटीत.

म्हटलं निदान केबल तरी काढू. निघेना. केबलला आतून एक खिळा धरून ठेवतो, कोणी पळवू नये म्हणून, आणि तो खिळा मागे घ्यायला वीज लागते, ती पण छोटीचीच. म्हणजे पोट भरलेली गाडी, म्हैस दावणीला बांधावी तशी भिंतीला बांधलेली.

हे म्हणाले, टॅक्सी बोलावतो. मी म्हणाले, थांबा, अर्ध्या तासात होईल. हेच वाक्य मी साडेसहाला म्हणाले, साडेसातला म्हणाले आणि नऊला दादाचा फोन आला तेव्हा त्यालाही म्हणाले. लोकांना सांगताना मी नेहमी "सर्व्हिसवाला उशिरा आला" असं सांगते. तो उशिरा आला हे खरं आहे. पण गाडी घेतली तेव्हा दादा म्हणाला होता, "खेळणं आहे ते, भरवशाचं वाहन नाही", आणि मला त्याच्या दारात टॅक्सीतून उतरायचं नव्हतं. एवढंच होतं ते.

अकराला पोरगा आला. त्याने किल्लीच्या पोटातून एक लोखंडी किल्ली काढली, दाराच्या हँडलवरचं प्लास्टिकचं झाकण उचकटलं, खाली चक्क कुलपाचं भोक. दोन वर्षं गाडी वापरतेय, मला माहीतच नाही. बॉनेट उघडून मीटर लावला, बारा व्होल्टच्या जागी साडेसात. दुसऱ्या बॅटरीने जंप दिला, टक् आवाज झाला आणि केबल हातात आली, सहज, जशी कधी अडकलीच नव्हती. "मॅडम, वाटेत बंद करू नका, परत चालू होईलच असं नाही." म्हणून चहाला नाही, कशाला नाही, कात्रज गेलं, खंबाटकी गेलं, पावणेतीनला दादाच्या दारात.

पिंडाला कावळा शिवून झाला होता. जेवणं उरकली होती. माझं पान झाकून ठेवलेलं. दादा एक शब्द बोलला नाही, फोटो माझ्या हातातून घेतला आणि आत नेऊन ठेवला. वहिनी म्हणाली, "कावळा लगेच शिवला हो, कशासाठी अडला नाही." चांगल्या मनाने म्हणाली. मी ते ऐकत भात कालवत बसले होते.

आणि आता जे मी सांगत नाही ते. त्या सर्व्हिसवाल्या पोराने केबल गुंडाळता गुंडाळता विचारलं होतं, "तिकडून अ‍ॅप बघत होता का?" बघत होते म्हणजे काय, रोज तीन-चार वेळा. बाळ दूध पीत असायचं आणि मी फोनवर शंभर टक्के बघून घ्यायचे, बरं वाटायचं. तर प्रत्येक वेळी अ‍ॅप उघडलं की झोपलेली गाडी जागी होते आणि त्या जागण्याचा खर्च छोटीवर. "बघत होतात म्हणूनच उतरली," तो म्हणाला. मी भांडलेच त्याच्याशी. पावसाळ्यात लाइट जाऊन-येऊन गाडी जागी होत असेल, छोटी मुळातच थकली असेल, त्याचं काय? तो म्हणाला, ते पण असेल. पण अ‍ॅपमध्ये नंतर नीट पाहिलं तर शंभर टक्क्यांखाली बारीक अक्षरात "शेवटचं अपडेट 14 ऑगस्ट". म्हणजे पुढचे अडीच महिने मी मेलेल्या गाडीची नाडी बघत होते. आणि आमच्या सबमीटरवर, पहिली रात्र सोडली तर, पाच महिन्यांत चार युनिट. ज्या प्लगच्या भरवशावर गेले त्याने फारसं काही दिलंच नव्हतं.

नंतर मॅन्युअल काढून वाचलं (आधी वाचायचं असतं, माहितीये, नका सांगू). त्यात लिहिलंय, बरेच दिवस उभी ठेवायची तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा. लिथियमची बॅटरी भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. दुसऱ्या खेपेला म्हणून 58 टक्क्यांवर ठेवली, केबल डिकीत, छोटीची निगेटिव्ह तार सोडवून. चार महिन्यांनी आले तर 56. मग झालं की, असं तुम्ही म्हणणार. पण मेलबर्नला लेकीच्या शेजाऱ्याची टेस्ला आहे, त्यांच्या मॅन्युअलात स्वच्छ लिहिलंय की लांब जाताना प्लग लावूनच ठेवा. तेही बरोबर, त्यांच्या गाडीला. त्यामुळे मला विचारून तुमच्या गाडीचं उत्तर मिळणार नाहीये.

जूनमध्ये परत जायचंय. तार सोडवली की अ‍ॅपला गाडी सापडतच नाही, नुसतं गोल फिरत राहतं. हे म्हणतात, मग ते फोनमधून काढून तरी टाक. अजून काढलेलं नाही.