परिचारिकेने तेलुगूत विचारले तेव्हा

आज शेजारच्या विडी वळणाऱ्या मावशींना घेऊन सोलापूरच्या पूर्व भागातील एका दवाखान्यात गेले होते. गेली दोन वर्षे त्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नव्हता आणि दरवेळी डॉक्टर गोळीची मात्रा वाढवत, मावशींचे मराठी कामापुरतेच, त्यामुळे "गोळ्या घेता ना?" या प्रश्नाला त्या नुसती मान हलवत. आज मात्र त्यांच्याच तेलुगूभाषक पद्मशाली समाजातील परिचारिकेने "अक्का" म्हणून जवळ बसवून तेलुगूत विचारपूस केली, तेव्हा कळले की गोळीने चक्कर येते, हजार विड्या पुऱ्या होत नाहीत, म्हणून त्या गोळी एक दिवसाआड घेतात. रोज भेटूनही मला हे ठाऊक नव्हते, याचे फार वाईट वाटले.

अमेरिकेतील ओकलंड येथील, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, डॉक्टर कृष्णवर्णीय असताना कृष्णवर्णीय पुरुषांनी प्रतिबंधात्मक तपासण्या, विशेषतः रक्त द्यावे लागणाऱ्या, अधिक प्रमाणात स्वीकारल्या होत्या. न्यू यॉर्कमधील १,३१६ रुग्णांच्या २००० सालच्या अभ्यासात डॉक्टर आणि विशेष प्रशिक्षित परिचारिका यांच्या प्राथमिक उपचारांचे परिणाम सहा महिन्यांनंतर जवळपास सारखे आढळले. आपल्याकडे सर्वसाधारण परिचारिकांना असे स्वतंत्रपणे उपचार करण्याचे अधिकार नाहीत. पण रुग्णाचे खरे उत्तर आज त्यांच्यापैकीच एकीला मिळाले.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि पंधरा दिवसांनी बोलावले आहे. त्या दिवशी हीच परिचारिका असेल का, असे मावशींनी घरी पोहोचेपर्यंत मला तीनदा विचारले.